ईकोसाठीचं सुटं कॅम्पर किट: दोन माणसं, एक कुत्रा आणि नाशिकचं ऊन

नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतल्या एका लहान कारखान्यात मारुती ईकोसाठी सुटं कॅम्पर किट, म्हणजे गाडीत झोपायची आणि स्वयंपाकाची सोय करणारा, काढता-घालता येणारा सांगाडा, बनवून मिळतं. गाडी दाखवायची, माप द्यायचं आणि ठरलेल्या दिवशी नेऊन बसवून घ्यायचं, अशी पद्धत आहे. हा आढावा त्या किटचा आहे, पण एकच प्रश्न समोर ठेवून: नवरा-बायको आणि सोबत मध्यम आकाराचा कुत्रा, अशा तिघांची दोन-तीन रात्रींची सोय यात होते का? आमचं मत असं की होते, फक्त किट जसंच्या तसं घेऊ नका. माणसांच्या झोपण्याचा, स्वयंपाकाचा आणि सामानाचा विचार यात नीट केलेला आहे. कुत्र्याच्या वाट्याला मात्र उरलेली जागा आलेली आहे. ऑर्डर देतानाच काही बदल करून घेतले तर ही उणीव बरीचशी भरून निघते, आणि तेच बदल इथे सविस्तर सांगायचे आहेत.

आधी किट काय आहे ते. 25 मिलिमीटर चौकोनी लोखंडी नळीचा, 16 गेजचा सांगाडा, त्यावर 12 मिलिमीटरचा बीडब्ल्यूपी, म्हणजे पाण्याला टिकणारा, प्लाय. पलंग 6 फूट लांब आणि 4 फूट रुंद, आडव्या तीन फळ्यांचा, प्रत्येक फळी 2 फुटांची. फळ्यांखाली सुमारे 14 इंच उंचीची जागा. मागचं दार वर उचललं की डाव्या हाताला स्वयंपाकाचा खण सरकून बाहेर येतो, उजव्या हाताला 20 लिटरच्या पाण्याच्या कॅनचा कप्पा. मधल्या फळीखाली बॅटरीची पेटी. पुढची तिसरी फळी बिजागऱ्यांवर उलटून दुसरीवर ठेवता येते, आणि तसं केलं की पुढच्या सीटमागे 2 फूट बाय 4 फुटांचा मोकळा चौक तयार होतो. प्रवासात कुत्र्याने बसायची जागा ती हीच.

6 फुटांचं माप गृहीत धरू नका. पुढच्या सीट पूर्ण पुढे सरकवून त्यांच्या पाठी झुकवल्या तरच ते मिळतं. पाठ न झुकणाऱ्या सीट असलेल्या जुन्या गाडीत पलंग काही इंच आखूड पडतो, आणि उंच माणसाला तिरकं झोपावं लागतं. सीएनजीची गाडी असेल तर टाकी आणि तिचा व्हॉल्व्ह जिथे आहे ती जागा सोडूनच माप घ्यायला लावा. व्हॉल्व्ह बंद करायला हात सहज पोचला पाहिजे, त्यावर फळी येता कामा नये. गादी धरून वर उरणारी उंची जेमतेम अडीच फूट. ताठ बसता येत नाही, कोपरावर रेलून पुस्तक वाचता येतं. ज्यांना गाडीत बसून जेवायचंय त्यांच्यासाठी हे किट नाही. बसणं-जेवणं मागच्या दाराखाली, बाहेर.

सांगाड्याला गाडीत एकही नवं भोक पाडलेलं नाही, हा या किटचा सगळ्यात मोठा गुण. मागची सीट काढून, तिच्याच मूळ बोल्टच्या जागा वापरून, चार रॅचेट पट्ट्यांनी सगळं आवळलं जातं. मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 नुसार नोंदणीत आहे त्यापेक्षा वेगळा बदल गाडीच्या रचनेत परवानगीशिवाय करता येत नाही. पत्र्याला वेल्डिंग करून, छताला भोक पाडून पंखा बसवून देणारे कारागीर सगळीकडे भेटतात. त्या वाटेला जाण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे विचारा. हे किट सामानासारखं चढतं-उतरतं. सहल झाली की सीट परत लावून टाकावी, म्हणजे आरसीवरची आसनसंख्या आणि गाडी जुळलेली राहते. सीटचे बोल्ट आणि वॉशर एका डबीत, डबी ड्रायव्हरच्या कप्प्यात.

पट्टे पहिल्या तासाभरात सैल होतात, कारण प्लाय आणि नळ्या आपापल्या जागी बसत असतात. नाशिकहून मुंबईच्या रस्त्याला लागलात तर घोटीच्या टोलनाक्यापुढे थांबून चारही पट्टे एकेक दात आवळा. नंतर फारसे सैल होत नाहीत. फळी आणि लोखंड यांच्यामध्ये 3 मिलिमीटरची रबरपट्टी किटमध्ये येत नाही, ती मागून घ्या. नाहीतर खराब रस्त्यावर इतका करकर आवाज होतो की कुत्रा झोपत नाही. ज्याचा कुत्रा आवाजाला बुजरा आहे त्याने ही पट्टी टाळूच नये.

आता मुख्य गोष्ट, उष्णता.

ईकोचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. त्यामुळे घाट चढून आल्यावर पुढच्या सीटखालचा आणि त्यांच्या लगेच मागचा पत्रा तापलेला असतो, आणि गाडी थांबल्यावरही ती ऊब बराच वेळ राहते. कुत्र्याचा चौक नेमका तिथेच. किटसोबत त्या जागी गुळगुळीत व्हिनाइल घालून देतात. त्यावर कुत्र्याचे पाय घसरतात, आणि उष्णताही अडत नाही. त्याऐवजी गोठ्यात गायीखाली घालतात ती जाड रबर मॅट वापरा. सिन्नर, निफाड, दिंडोरीकडे दूधधंद्याचं सामान विकणाऱ्या कोणत्याही दुकानात मिळते, कापून देतात, धुता येते, नखांनी फाटत नाही. मॅटच्या खाली चंदेरी थराचा 10 मिलिमीटर एक्सएलपीई फोम घाला, पत्र्याच्या शेडखाली लावतात तोच. दोन्ही मिळून खालची ऊब चांगली अडते, आणि गाडी वळणावर आडवी झाली तरी कुत्रा जागच्या जागी राहतो.

पण खरी अडचण थांबलेल्या गाडीतल्या हवेची आहे. कुत्र्याला माणसासारखा घाम येत नाही. तो धापा टाकून जिभेवरून आणि श्वासनलिकेतून पाणी उडवतो आणि अंग थंड करतो. बंद गाडीत हवा तापते आणि दमटही होते, आणि दमट हवेत धाप टाकून काही उपयोग होत नाही. उन्हात उभ्या गाडीचं आतलं तापमान पहिल्या दहा मिनिटांतच 10 अंशांच्या आसपास चढू शकतं. काच दोन बोटं उघडी ठेवल्याने त्यात फारसा फरक पडत नाही. कुत्र्याचं नेहमीचं तापमान 38.3 ते 39.2 अंश सेल्सिअस. ते 41 च्या वर गेलं की उष्माघात, आणि मग अवयव निकामी व्हायला वेळ लागत नाही. पग, बुलडॉग अशा बसक्या नाकाच्या कुत्र्यांचं त्याहून लवकर बिघडतं. त्यांना घेऊन उन्हाळ्यात अशी सहल करूच नका.

किटसोबत दोन छोटे 12 व्होल्टचे पंखे, खिडक्यांना लावायच्या चंदेरी झडपा आणि पुढच्या दारांवर मोज्यासारखी चढवायची जाळी मिळते. जाळीची कल्पना उत्तम आहे, कारण ती चढवून काच पूर्ण खाली घेता येते. मात्र कापड साध्या नायलॉनचं आहे. कुत्रा बाहेर काही दिसलं की पंजा मारतो आणि जाळी फाटते. पीव्हीसीचा थर असलेली पॉलिएस्टर जाळी, जी पाळीव प्राण्यांसाठी म्हणून विकली जाते, ती द्यायला सांगा. खर्च थोडा वाढतो आणि तो वाढू द्यावा. मागचं दार चार इंच उघडं ठेवून कुलूप लावता येईल अशी कडीही मिळते, ती जरूर घ्या. एक पंखा पुढच्या जाळीतून हवा आत ओढेल असा आणि दुसरा मागच्या फटीतून बाहेर टाकेल असा लावला, तर झोपलेल्यांच्या अंगावरून हवा वाहते. दोन्ही पंखे आत तोंड करून लावले तर आतलीच हवा फिरत राहते. कारखान्यात ते तसेच लावून देतात, म्हणून मागचा पंखा उलटा फिरवून घ्या.

पंख्याने हवा बाहेरच्यापेक्षा थंड होत नाही, हे लक्षात ठेवायलाच हवं. बाहेर 38 असेल तर आत 38 पेक्षा कमी होणार नाही. नाशिकला उन्हाळ्यात रात्री पारा बऱ्यापैकी उतरतो, दुपारी मात्र चाळिशीला टेकतो. एप्रिल-मेमध्ये गाडी पहाटे पाच ते साडेनऊ आणि मग सूर्य कलल्यावर, अशीच चालवायची, आणि मधली दुपार झाडाखाली, गाडीच्या बाहेर काढायची. डिजिटल थर्मामीटरचा वायरवाला सेन्सर चौकाच्या जमिनीपासून वीतभर उंचीवर लावा. डॅशबोर्डपाशी वाचलेलं तापमान कुत्र्याच्या कामाचं नसतं. तिथे 30 च्या वर गेलं की थांबलेल्या गाडीत कुत्रा ठेवू नका, सोबत कुणी बसलेलं असलं तरी दारं उघडा.

याचा सरळ परिणाम सहलीच्या आखणीवर होतो. त्र्यंबकेश्वर किंवा सप्तशृंगी गडाला जाणार असाल तर दर्शनाला एकेकाने जायचं, दुसऱ्याने कुत्र्यासोबत सावलीत बसायचं. रांग मोठी असेल तर एकाचंच दर्शन होईल. ते मान्य नसेल तर त्या दिवशी कुत्र्याला घरी कुणाकडे तरी ठेवा. उष्माघाताची शंका आली, म्हणजे जीभ गडद लाल, लाळ चिकट, पाय लटपटणं, तर साधं पाणी अंगावर ओतून पंखा लावायचा आणि गाडी तशीच पशुवैद्याकडे घ्यायची. ओला टॉवेल अंगावर गुंडाळून ठेवला तर उलट उष्णता कोंडते.

रात्रीची मांडणी ही किटची दुसरी कमजोर बाजू. तिसरी फळी पुढे टाकली की चौक झाकला जातो आणि कुत्र्याला 14 इंच उंचीच्या बंद खोबणीत झोपावं लागतं. उठून बसता येत नाही, हवाही नाही. यावर उपाय कारखान्यातच करून घेता येतो. माणसांची डोकी मागच्या दाराकडे, जिथे हवा आहे, आणि पाय पुढे. पायांना पूर्ण 4 फूट रुंदी लागत नाही. तिसरी फळी अखंड न ठेवता 34 आणि 14 इंच अशा दोन तुकड्यांत कापून घ्या, आणि रात्री 14 इंचांचा तुकडा टाकूच नका. डाव्या बाजूच्या सरकत्या दाराला लागून कुत्र्याला डोकं वर काढायला, उठून बसायला मोकळी जागा मिळते, आणि पहाटे त्याला बाहेर काढताना कुणाच्या अंगावरून जावं लागत नाही. गादीलाही तेवढाच खाच द्यावा लागतो, फोमवाल्याला आधी सांगा. त्या दाराचं चाइल्ड लॉक उघडं ठेवा. आणीबाणीत आतून बाहेर पडायची तीच वाट आहे, कारण मागचं दार आतून उघडेलच याची खात्री नसते.

किटसोबतची गादी 4 इंची, 32 डेन्सिटीची. दोघांच्या वजनाखाली ती कंबरेपाशी लवकर बसते; 40 डेन्सिटी घ्या. रेक्झिनचं कव्हर पुसायला सोपं, पण त्यावर घाम धरतो, म्हणून वरून सोलापुरी चादर. इगतपुरी-भावलीच्या पट्ट्यात पावसाळ्यात गाडी उभी केली की गादीच्या खालच्या बाजूला ओल धरते, कारण तिघांच्या श्वासातली वाफ थंड फळीवर उतरते. फळ्यांना दर सहा इंचांवर 25 मिलिमीटरची भोकं पाडून घ्या आणि गादीखाली काथ्याची चटई टाका. सकाळी गादी उभी करून ठेवायची. हे न केल्यास एका पावसाळ्यात बुरशी दिसते.

वीज. किट घेताना 100 अँपिअर-अवर, 12.8 व्होल्टची लिथियम फेरोफॉस्फेट बॅटरी जोडून देतात. म्हणजे 1,280 वॉट-अवर साठा, त्यातले सुमारे 1,100 निर्धास्त वापरता येतात. वजन दहा-बारा किलो. तेवढ्याच कामाची लेड-अ‍ॅसिड बॅटरी याच्या कितीतरी पट जड झाली असती. खर्चाचा हिशेब असा: 45 वॉटचा छोटा कंप्रेसर फ्रिज कडक उन्हाळ्यात निम्म्याहून जास्त वेळ चालतो, म्हणजे दिवसाला 550 ते 600. दोन पंखे रात्रभर 160. दिवे आणि मोबाइल मिळून 60. एकूण 800 च्या आसपास. साठा एक दिवस आणि वर थोडा पुरतो.

भरायचं काम 20 अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर, म्हणजे गाडीच्या बॅटरीकडून वीज घेऊन किटची बॅटरी भरणारा, गाडी चालताना करतो, तासाला सुमारे 250 वॉट-अवर. नाशिक ते भंडारदरा दोन तासांच्या प्रवासात 500 परत येतात, पूर्ण 800 नाही. म्हणून मुक्काम दोन रात्रींचा असेल तर दुसऱ्या रात्री फ्रिज बंद करून पंखे चालू ठेवा. दही आंबलं तरी चालेल, कुत्र्याची हवा थांबता कामा नये.

इथेच कारखान्याने पैसे वाचवलेत. पुढच्या बॅटरीपासून मागच्या पेटीपर्यंत 2.5 चौरस मिलिमीटरची केबल टाकून देतात. जाऊन-येऊन सहा मीटर लांबीवर 20 अँपिअरला त्यात जवळजवळ 0.9 व्होल्ट गळतात. चार्जरला वाटतं इंजिन बंद झालं, तो थांबतो. थांबला की व्होल्टेज वर येतं, पुन्हा सुरू होतो. दिवसभर गाडी चालवूनही बॅटरी अर्धी, अशी तक्रार येते ती यामुळे, आणि दोष बॅटरीला दिला जातो. 10 चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल मागा, गळती पाव व्होल्टच्या आत येते. दोन्ही टोकांना बॅटरीपासून वीतभर अंतरावर 30 अँपिअरचा फ्यूज हवा. किटमध्ये एकाच टोकाला असतो. केबल दोन बॅटऱ्यांच्या मध्ये आहे, ती कुठेही घासली तर दोन्हीकडून प्रवाह येणार, म्हणून दोन फ्यूज. केबल कुत्र्याच्या चौकातून नेऊ देऊ नका. न्यावीच लागली तर लोखंडी नळीतून. कोवळ्या वयाचा कुत्रा वायर चावतोच.

स्वयंपाकाचा खण मजबूत आहे. 45 किलो भार पेलणारे टेलिस्कोपिक चॅनल (खण ज्यांवर सरकतो त्या पट्ट्या), शेगडीला पत्र्याचा आडोसा, खाली भांड्यांची जागा. पण खणाचं तोंड मागे असल्यामुळे कसारा घाट चढताना तो आपसूक मागे सरकतो आणि मागच्या दारावर आदळत राहतो. दाराच्या कुलपावर हा भार नको. खणाला साधा टॉवर बोल्ट लावून घ्या, तोही खालून वर जाणारा नाही, आडवा. उभा बोल्ट धक्क्यांनी सुटतो. चॅनलच्या छऱ्यांना ग्रीस लावलं की कुत्र्याचे केस आणि धूळ चिकटून खण अडतो. ग्रीस पुसून कोरडा सिलिकॉन स्प्रे मारा. शेगडी नेहमी बाहेर, खण पूर्ण ओढून आणि मागचं दार पूर्ण वर करूनच पेटवायची. पावसात आत ओढून चहा करायचा मोह होतो; बंद जागेत कार्बन मोनॉक्साइड साठतो आणि त्याला वास नसतो. एक किलोचा एबीसी अग्निशामक ड्रायव्हरच्या दाराशी.

आणि कांद्याची टोपली. स्वयंपाकाच्या खणाच्या आतल्या टोकाला, चौकाच्या बाजूने उघडी, जाळीची टोपली दिलेली आहे, कांदे-बटाटे ठेवायला. ती कुत्र्याच्या नाकासमोर येते. कांदा आणि लसूण कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. प्रत्येक किलो वजनामागे 15 ते 30 ग्रॅम कच्चा कांदा पोटात गेला तरी रक्तात बिघाड दिसू शकतो. 20 किलोच्या कुत्र्याला म्हणजे तीन-चार मध्यम कांदे पुरे. लक्षणं, म्हणजे फिक्या हिरड्या, गडद लघवी, थकवा, काही दिवसांनी दिसतात, तोवर सहल संपलेली असते आणि कुणाला कांदा आठवत नाही. शिजवून किंवा वाळवून विष जात नाही, त्यामुळे उरलेल्या मिसळीचा रस्सा किंवा कांदा घातलेले पोहेही देऊ नयेत.

द्राक्षं आणि बेदाणे त्याहून घातक. किती खाल्ले तर चालतील याचं सुरक्षित प्रमाण नाही; काही कुत्र्यांची मूत्रपिंडं थोडक्यातच बंद पडतात. आपल्या जिल्ह्यात जानेवारी ते एप्रिल रस्त्याच्या कडेला द्राक्षांचे ढीग असतात, आणि मुक्काम बऱ्याचदा बागेशेजारी पडतो. द्राक्षाच्या ओळींमध्ये कुत्रा मोकळा सोडू नका. गळलेले मणी खाईल, शिवाय बुरशीनाशकाच्या फवारणीनंतर साचलेलं पाणी पिईल. खाल्लं असं कळलं तर लक्षणांची वाट न पाहता दोन तासांच्या आत पशुवैद्य. टोपलीच्या जागी झाकणाचा, कडी लागणारा डबा करून मागा. कारखान्याला हे काम काहीच अवघड नाही, सांगितलं पाहिजे एवढंच.

कुत्रा बांधायची कडी ही तिसरी चूक. चौकाच्या बाजूच्या प्लायवर अर्धा इंची स्क्रूंनी डी-रिंग लावलेली असते. ताशी 50 किलोमीटरवरून गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली तर 20 किलोच्या कुत्र्याचा झटका 400 किलोपर्यंत जातो. प्लायमधले स्क्रू त्याच्या आसपासही टिकणार नाहीत, आणि कुत्रा थेट पुढच्या दोघांच्या मानेवर येईल. मागच्या सीटबेल्टची मूळ जागा मोकळीच असते, तिथे डोळ्याचा, म्हणजे डोक्याला गोल कडी असलेला, बोल्ट लावा. तिथला आटा बहुतेक गाड्यांत 7/16 इंच व्यासाचा, इंचाला 20 आट्यांचा असतो. 10 किंवा 12 मिलिमीटरचा बोल्ट जबरदस्तीने घुसवला तर आटे जातात आणि नंतर सीटबेल्ट लागत नाही. मूळ बोल्ट नमुना म्हणून हार्डवेअरच्या दुकानात घेऊन जा. पट्टा छातीच्या हार्नेसला, गळपट्ट्याला कधीच नाही. लांबी एवढी की कुत्रा बसेल, आडवा होईल, वळेल, पण पुढच्या सीटपर्यंत पोचणार नाही.

मागच्या दाराच्या बाहेर आणखी एक कडी दिलेली आहे, ‘रात्री कुत्रा बाहेर बांधायला’. ती काढून टाकायला सांगा. निफाड, सिन्नर, दिंडोरी, इगतपुरी, सगळीकडे बिबट्या आहे. उसात, ओढ्याकाठी, कधी वस्तीच्या अगदी जवळ. कुत्रा हे त्याचं नेहमीचं भक्ष्य, आणि बांधलेल्या कुत्र्याला पळायलाही जागा नसते. अंधार पडल्यावर कुत्रा आत. लघवीला न्यायचं तर दीड मीटरच्या पट्ट्याने, टॉर्च हातात, दोघांनी मिळून, गाडीच्या आजूबाजूलाच. अन्नाचं भांडं रात्री बाहेर ठेवू नका.

मुक्कामाची जागा फोनवर ठरवताना दोन गोष्टी स्पष्ट विचारा: कुत्रा चालेल का, आणि आम्ही गाडीतच झोपणार, ते चालेल का. कृषी पर्यटन केंद्रं सहसा तयार होतात, पण त्यांचे स्वतःचे कुत्रे मोकळे असतात का हेही कळलं पाहिजे. भंडारदऱ्याकडे गेलात तर कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्याची हद्द लक्षात ठेवा, तसंच नांदूर मध्यमेश्वरला. पक्षी आणि वन्यजीवांच्या जागी कुत्रा नेऊ नये. काजव्यांच्या दिवसांत त्या भागात गाड्यांची रीघ असते. दिवे, हॉर्न आणि भुंकणं यांत कुणालाच काही मिळत नाही, तो काळ सोडा. पहिल्या सहलीसाठी वैतरणा किंवा सापुतारा बरे: अंतर बेताचं, घाटात किटची परीक्षा होते, आणि काही अडलं तर परत यायला वेळ लागत नाही.

भरलेली ईको उंच आणि अरुंद असते. समृद्धीवर मोटारींना ताशी 120 ची परवानगी असली तरी या गाडीने 80 च्या पुढे जाऊ नये. आडवा वारा आणि शेजारून जाणारा ट्रक दोन्ही तिला हलवतात. टायरमधली हवा दारावरच्या पट्टीवर दिलेल्या भरल्या गाडीच्या आकड्याप्रमाणे, थंड टायरवर मोजून. पाण्याचा कॅन मागच्या चाकांच्याही मागे येतो, म्हणून निघताना अर्धाच भरा आणि मुक्कामी पूर्ण. कुत्र्याला दिवसाला किलोमागे 50 ते 60 मिलिलिटर पाणी लागतं, उन्हात त्याच्या दुप्पट धरा. 20 किलोच्या कुत्र्याचे दोन लिटर वेगळे काढून ठेवा.

रेबीजची लस आणि लेप्टोस्पायरोसिससकट वार्षिक डोस झालेले असावेत, कार्डाचा फोटो मोबाइलमध्ये. गुरं बसतात त्या माळावर थांबलात तर रोज रात्री बोटांच्या बेचक्या, कानाच्या आत आणि शेपटीखाली गोचीड पाहा.

घ्यावं का? कुत्रा 25 किलोच्या आतला असेल, तुम्ही दोघंही सहा फुटांच्या आत असाल, आणि पावसाळ्याअखेर ते फेब्रुवारी हा तुमचा फिरायचा काळ असेल, तर घ्या. जर्मन शेफर्ड किंवा मोठा लॅब्राडॉर असेल तर 2 फूट रुंदीचा चौक त्याला प्रवासात अडचणीचा होतो. त्यांनी दोन फळ्यांचा आखूड पलंग आणि बाहेर तंबू असा विचार करावा. ज्यांना कुत्रा गाडीत ठेवून स्थळं पाहायची आहेत त्यांनी हे किंवा कोणतंही किट घेऊ नये.

बदल सगळे ऑर्डर देताना कागदावर लिहून, मापांसह, दोघांच्या सहीने द्या. तोंडी सांगितलेलं सांगाडा वेल्ड झाल्यावर होत नाही. बसवून घ्यायला जाताना कुत्र्याला सोबत न्या आणि चौकात बसवून, वळू देऊन पाहा. नळ्यांची कापलेली तोंडं झिंक प्रायमर लावून बंद केलीत का ते बोट फिरवून तपासा, कारण पावडर कोटिंग आत पोचत नाही आणि गंज तिथूनच सुरू होतो. मग पट्टे, टॉवर बोल्ट, दोन्ही फ्यूज आणि मागच्या दाराची कडी, एवढं पाहून झालं की पैशाचा शेवटचा हप्ता द्या.